कॉलरताई आणि जांभळे दिवे

शर्ट शिवण्यात सगळ्यात चिकट काम कॉलरीचं. खिसा जरा तिरका बसला तर खपून जातो, बाहीची शिवण काखेत दडते, पण कॉलर माणसाच्या थेट तोंडाखाली असते. तिथे काही झाकायची सोय नाही. म्हणून त्या शिवणकारखान्यात एवढी यंत्रं असूनही कॉलरी जायच्या एकाच बाईकडे, आणि त्या बाईला लहानथोर सगळे कॉलरताई म्हणायचे.

नावाला दुसरंही एक कारण होतं. ताईंची मान कधी खाली जात नसे. मालक कशावरून तरी तणतणत आला की ताई यंत्र थांबवायच्या, चष्मा काढून पुसायच्या, सावकाश परत डोळ्यांवर चढवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता परत सांगा. नीट ऐकते." परत सांगायची वेळ आली की मालकाचा निम्मा राग ओसरलेला असायचा.

चाळिशी उलटली आणि ताईंचे हात बिघडले. आधी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक लालसर चट्टा उठला. ताईंनी साबणाला दोष दिला आणि साबण बदलला. चट्टा मात्र बदलला नाही, तो पसरला. तळहाताची कातडी जाड होत गेली, तिच्यावर पांढुरके पापुद्रे धरायला लागले, आणि मग बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. पुढच्या थंडीत तेच पायांच्या तळव्यांवर आलं. शिवणयंत्र चालतं हातांवर आणि पायांवर, आणि दुखणं नेमकं त्याच दोन ठिकाणी ठाण मांडून बसलं. अस्तराचं तलम कापड बोटांच्या भेगांत अडकायचं, धागा ओढला जायचा. पायाखालची पट्टी दाबली की टाचेतून कळ थेट गुडघ्यात.

मग सल्ले सुरू झाले. जो भेटेल तो वैद्य. कोणी म्हणे रक्त बिघडलंय, कोणी म्हणे पोट. कोणी कडू काढा पाजला, कोणी तेल चोळायला लावलं, कोणी दुकानातली मलमं आणून दिली. एका बाईने तर कोणाचा तरी शाप आहे का ते आठवून बघायला सांगितलं. "आठवायचं कशाला," ताई म्हणाल्या, "मालक रोज देतोच की." वर्षभर त्यांनी सगळं करून पाहिलं. घरात बाटल्या मावेनात आणि हात होते तसेच.

घरात खालच्या मजल्यावर ताई आणि त्यांचे यजमान, वर दीर-जाऊ आणि त्यांची लहान मुलगी. स्वयंपाकघर एकच. यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर इमारतींच्या पोटात काम करून त्या माणसाला कमी बोलायची सवय लागली होती. धाकटी जाऊ मनाने वाईट नव्हती, पण भित्री होती. एक दिवस सकाळी तिने ताईंच्या पुढ्यात निळ्या काठाचा नवा कप ठेवला.

"ताई, राग मानू नका. घरात लहान मूल आहे. एवढा तुमचा वेगळा असू दे."

ताईंनी कप हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "छान आहे," म्हणाल्या. मग अंगणात जाऊन त्यात माती भरली, मनीप्लांटची एक काडी खोचली आणि तो खिडकीत ठेवला. परत येऊन त्यांनी फडताळातला नेहमीचा कप काढला, चहा ओतला आणि जावेच्या समोर बसून प्यायल्या. जाऊ आठवडाभर बोलली नाही. दीर मात्र जिन्यात गाठून म्हणाला, "वहिनी, त्या झाडाला पाणी मी घालतो, हं." ताईंना हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं.

यजमानांनी ते सगळं पाहिलं होतं. संध्याकाळी ते म्हणाले, "तू भांडतेस तेव्हा तुझे हात दुखत नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलंय."

"मग रोज भांडत जाऊ का?"

"ते तर चालूच आहे. आता एखाद्या खऱ्या डॉक्टरशी जाऊन भांड."

पण त्याआधी कारखान्यात व्हायचं ते झालं. पांढऱ्या शर्टांचं मोठं काम आलं होतं. ताईंच्या तर्जनीची भेग उकलली, त्यांना कळलंसुद्धा नाही, आणि एका गठ्ठ्यातल्या कितीतरी कॉलरींवर बारीक तांबडे ठिपके उमटले. मालकाने ताईंना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. खोलीचं दार उघडं ठेवलं, स्वतः मात्र टेबलाच्या पलीकडे उभा राहिला.

"ताई, तुम्ही बऱ्या होईपर्यंत घरी थांबा. बायका घाबरल्यात. लागट असलं तर?"

"कोणाला लागलं? नाव सांगा."

"अजून कोणाला नाही, पण..."

"एवढी वर्षं माझ्या शेजारी जी बसते तिला लागलं नाही. माझ्या नवऱ्याला लागलं नाही. तुम्ही तर टेबलाच्या पलीकडे आहात."

मालक खिडकीबाहेर बघायला लागला. ताई उठल्या. "डॉक्टरांना विचारून येते. ते जर म्हणाले लागत नाही, तर तुम्ही हे सगळ्यांसमोर म्हणायचं. ठरलं?" मालक हो म्हणाला, कारण ताई परत येतील असं त्याला वाटलं नव्हतं.

सरकारी रुग्णालयात त्वचेचा विभाग सगळ्यात शेवटी होता. क्ष-किरणाची रांग ओलांडायची, पायऱ्या उतरायच्या, की एका अरुंद बोळाच्या टोकाला दोन खोल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा आवाज दिवसभर बोलून बसलेला असायचा. ताई पूर्ण तयारीनिशी गेल्या होत्या, काय काय बोलायचं ते बसमध्ये मनाशी घोकलं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता ताईंचा हात आपल्या उघड्या हातात घेतला, उजेडाकडे वळवला, अंगठ्याने पापुद्रा दाबून बघितला. घराबाहेरच्या कोणी तो हात असा धरल्याला वर्ष होऊन गेलं असेल. ताई घोकलेलं सगळं विसरल्या.

"सोरायसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तळहात-तळपायांचा. हा कोणाला लागत नाही. कपातून नाही, टॉवेलातून नाही, हात धरून नाही."

"आणि जातो कधी?"

"कायमचा जात नाही. येत-जात राहतो. पण दाबून ठेवता येतो. मलमं तुमची लावून झालीत. आता आपण प्रकाश देऊन बघू."

"प्रकाश? म्हणजे ऊन?"

"उन्हातलाच एक भाग, वेगळा काढून, मोजून दिलेला. उन्हात बसून ते जमत नाही."

त्या दुपारी ताई तडक कारखान्यात गेल्या. मालकाने शब्द पाळला, पण पडलेल्या आवाजात. ताई म्हणाल्या, "शेवटच्या यंत्रापर्यंत ऐकू गेलं नाही." मग मालकाला घसा साफ करून पुन्हा सांगावं लागलं, की ताईंचं दुखणं लागट नाही. एवढं झाल्यावर ताई स्वतःहून म्हणाल्या, "आता रक्ताचं. ते तुमचं बरोबर आहे. पांढऱ्या कॉलरीवर डाग मलाही चालणार नाही. भेगा भरल्या की येते. माझी जागा माझीच." आणि त्या घरी गेल्या.

प्रकाश द्यायची खोली लहान होती. टेबलावर एक चपटी पेटी, हात आत सरकवायला पुढून उघडी. खाली जमिनीवर तशीच दुसरी, पायांसाठी. दोन्हींत नळीसारखे दिवे रांगेने बसवलेले. आधी कोमट पाण्यात औषध घालून त्यात हातपाय बुडवून बसायचं, मग पुसायचे, डोळ्यांना गडद चष्मा लावायचा आणि पेटीत द्यायचे. दिवे लागले की हात जांभळट दिसायचे, कोणा दुसऱ्याचेच असल्यासारखे. ऊब अगदी थोडी लागायची. पहिल्या दिवशी तर ताई नीट टेकून बसेपर्यंत दिवे विझलेसुद्धा.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," दिवेवाले म्हणाले. यंत्र चालवणाऱ्या त्या पोक्त गृहस्थांना सगळे दिवेवालेच म्हणायचे. "हळूहळू वाढवायचं असतं. परवा थोडं जास्त."

"आजच द्या की जास्त. मी काही भीत नाही."

"तुम्ही भीत नाही हो, पण कातडी भिते. भाजली तर महिनाभर सगळं बंद."

आठवड्यातून तीन दिवस ताई तिथे जायला लागल्या. त्याच वेळेला आणखी दोघं असायची. एक गवंडी, धिप्पाड माणूस, पण तळपायांना अशा भेगा की भिंतीला धरून चालायचा. दुसरे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, दोन्ही हात कायम कोटाच्या खिशात. मास्तर आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहिले होते आणि शेवटची काही वर्षं मुलं त्यांच्या हाताकडे बघून कुजबुजायची. आता घरात पाहुणे आले तरी ते हात बाहेर काढत नसत. "पेटीत घालायला तरी काढता ना," ताई म्हणाल्या, "मग तिथून परत खिशात घालायची एवढी घाई कशाला?" मास्तर हसले नाहीत, पण पुढच्या खेपेला हात मांडीवर ठेवून बसले.

औषधामुळे हात त्या दिवशी उन्हाला फार हळवे होतात, म्हणून बाहेर पडताना सुती हातमोजे घालायचे, असं दिवेवाल्यांनी सांगितलं होतं. हातमोज्यांचं नाव काढलं की ताईंचं डोकं फिरायचं. हात झाकायचे म्हणजे लपवायचे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एक दिवस त्या तशाच उघड्या हातांनी भर दुपारी थांब्यावर बसची वाट बघत उभ्या राहिल्या. रात्रीपर्यंत हाताची पाठ लालबुंद झाली, सकाळी फोड आले. यजमान ओलं फडकं घेऊन शेजारी बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते ताईंना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई मात्र बोलल्या. "मी सोरायसिसशी लढतेय, आणि तुम्ही माझ्याशी. असं कसं चालेल?"

प्रकाश बंद पडला आणि जमलेलं काम मागे गेलं. ताईंनी या वेळी खरोखर कानाला खडा लावला, पण आपल्या पद्धतीने. घरी बसून त्यांनी स्वतःसाठी हातमोजे शिवले, जाड सुती कापडाचे, आणि रंग निवडला भडक लाल. मनगटाला कॉलरीसारखी ताठ पट्टी लावली. रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा दिसावेत असे. "कोणी विचारलंच तर सांगेन, औषध चाललंय," त्या जावेला म्हणाल्या. जावेने मोजे हातात घेतले, शिवण बघितली आणि हळूच म्हणाली, "ताई, हे मला जमणार नाही बघा." एवढ्या महिन्यांत ताईंच्या हातची वस्तू तिने पहिल्यांदाच हातात धरली होती.

दोनेक महिन्यांनी फरक दिसायला लागला. पापुद्रे पातळ झाले, भेगा एकेक करून मिटल्या. ताईंच्या खणात अस्तराचा एक तुकडा होता. तो त्या रोज सकाळी तळहातावरून फिरवून बघायच्या. एक दिवस तो कुठेही न अडकता सरकून खाली पडला. त्याच दिवशी त्या कारखान्यात जाऊन आपल्या यंत्रावर बसल्या. तिथे बसलेल्या मुलीने आनंदाने जागा सोडली. कॉलरींनी तिच्या नाकी नऊ आणले होते. मालकाशी बोलणं झालं, की प्रकाशाच्या दिवशी ताई दुपारनंतर येतील.

आणि नेमकी तेव्हाच ती बातमी आली. डॉक्टरीणबाईंनीच सांगितली, नेहमीपेक्षा बसलेल्या आवाजात. खोली दुसऱ्या कामाला हवी होती. यंत्र दूरच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं होतं. ज्यांना प्रकाश घ्यायचा त्यांनी तिकडे जावं.

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?" ताईंनी विचारलं.

"म्हणाले. लेखीसुद्धा. रुग्ण कमी आहेत, असं उत्तर आलं."

ताईंनी गवंड्याकडे पाहिलं. तो पाय पुसत होता. मोठ्या रुग्णालयाला जायला दोन बस, मध्ये लांबचं चालणं, आठवड्यातून तीनदा. गवंडी म्हणाला, "तिथवर चालता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?" मास्तरांचे हात पुन्हा खिशात गेले होते.

"कधी नेणार?" ताईंनी दिवेवाल्यांना विचारलं.

"सोमवारी माणसं येतील म्हणतात."

"मग सोमवारी आपण सगळे सकाळीच येऊ."

सोमवारी माणसं ढकलगाडी घेऊन आली तेव्हा वरच्या पेटीत ताईंचे हात होते आणि खालच्या पेटीत गवंड्याचे पाय. दिवे बंद होते. मास्तर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याशिवाय इतर दिवशी येणारेही बरेच जण बोळात उभे होते. ताईंनी दिवेवाल्यांच्या वहीतून पत्ते घेऊन, रविवारचा सगळा दिवस फिरून त्यांना गोळा केलं होतं. कोणी भांडी घासणारी होती, कोणी बसचा वाहक होता. आपल्यासारखे इतके जण आहेत हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, कारण जो तो हात लपवून, वेळ चुकवून यायचा.

"बाई, हात काढा. यंत्र उचलायचंय," गाडीवाला म्हणाला.

"उचला की. हातांसकट उचला."

गाडीवाल्याने मिशीतल्या मिशीत हसून गाडी भिंतीला लावली आणि वर निरोप पाठवला. थोड्या वेळाने अधीक्षक साहेब आले. ते दारातच थांबले, हात पाठीमागे बांधून. मास्तरांची खुर्ची वाटेत होती. मास्तर उठले नाहीत.

"हे काय चाललंय? यंत्र कुठे नाहीसं होत नाहीये. मोठ्या रुग्णालयात जा, तिथे जास्त सोयी आहेत."

"आमची सोय इथे आहे," ताई म्हणाल्या.

"इथे रुग्ण कमी आहेत."

"बोळात बघा. कमी आहेत का? आम्ही दिसत नाही, कारण आम्हाला बघितलं की लोक सरकून बसतात. मग आम्हीच लपतो. ते आता पुरे झालं." ताईंनी पेटीतून हात काढला आणि पुढे केला. "साहेब, हात मिळवा, म्हणजे बोलता येईल."

साहेबांनी त्या हाताकडे बघितलं. सुधारला होता, पण कडेला अजून लाली होती, दोनचार पापुद्रे होते. "त्याची काही गरज नाही," ते म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर आहात ना?"

"आहे."

"मग हे लागत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या मालकाला माहीत नव्हतं, त्याला मी माफ केलं."

 क्ष-किरणाच्या रांगेतले लोकही पायऱ्यांवरून वाकून बघत होते. साहेबांनी पाठीमागचा हात पुढे आणला आणि दोन बोटं ताईंच्या बोटांना टेकवली.

"सबंध हात," ताई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी सबंध हात धरला. ताईंनी तो लगेच सोडला नाही. "आता सांगा," त्या म्हणाल्या, "या गवंड्याने दोन बस बदलून कसं जायचं?"

त्या दिवशी काही ठरलं नाही. साहेब "बघतो" म्हणून निघून गेले, आणि बघतो या शब्दावर उठण्याइतक्या ताई भोळ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा आली, पुन्हा पेट्यांत हातपाय होते. मग पाळ्या लागल्या. ताई कारखान्यातून सुटून यायच्या, त्याआधी वाहक बसायचा, सकाळी मास्तर. दिवेवाल्यांना वरून विचारणा झाली, की तुम्ही यांना हाकलत का नाही. "मी दिवे लावतो आणि विझवतो, साहेब," ते म्हणाले, "माणसं हाकलायचं मला शिकवलेलं नाही." जावेने एक दिवस डबा भरून दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आली. बोळात सगळ्यांच्या मधे बसली आणि तिथल्याच एकीच्या पेल्यातून पाणी प्यायली. ताईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आठवडा उलटल्यावर निकाल लागला, तोही अर्धामुर्धा. खोली गेलीच. यंत्र मात्र राहिलं. क्ष-किरणाच्या मागे जिन्याखाली एक कोपरा होता, तिथे ते बसवायचं ठरलं. ना दार, ना खिडकी. रुग्णालय पडदा लावून देणार होतं. ताई म्हणाल्या, "पडदा नको. बघू देत लोकांना." यावर मास्तर चिडले. इतके दिवस कोणी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता.

"ताई, तुमची हिंमत मोठी आहे, मान्य. पण हात असे उघडे टाकून चारचौघांत बसायला मला नाही आवडत. त्यात लाज नाही, माझी मर्जी आहे."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या. पडदा लागला. ज्याला ओढायचा तो ओढतो. ताई असल्या की तो उघडा असतो.

हे होऊन बराच काळ गेला. ताईंचं दुखणं गेलेलं नाही. थंडी पडली की अंगठ्याच्या मुळाशी लाली उठते, मग पुन्हा काही आठवडे जिन्याखाली फेऱ्या, पुन्हा लाल हातमोजे. भेग उकलली की ताई पांढरं कापड दुसरीकडे देतात आणि गडद रंगाच्या कॉलरी स्वतः घेतात. मालकाने त्यावर अजून तरी तोंड उघडलेलं नाही. गवंडी कामावर परत गेला, पण उंचावर चढत नाही. मास्तरांना मध्यंतरी कोणीतरी बाजारात दोन्ही हातांनी भाजी निवडताना पाहिलं.

मागच्या महिन्यात जुन्या साहेबांची बदली झाली आणि नवे आले. नवे साहेब इमारत बघत फिरत फिरत जिन्याखाली आले, कोपऱ्याची लांबी-रुंदी नजरेने जोखायला लागले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "ही जागा साठवणीला बरी आहे."

ताईंचे पाय तेव्हा पेटीत होते, डोळ्यांवर गडद चष्मा होता. साहेब कुठे उभे आहेत ते त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "जरा इकडे या. आधी ओळख करून घेऊ." आणि त्यांनी हात पुढे केला.